आठवा हिस्सा, पण कशाचा? वेस्ट व्हर्जिनियातले रॉयल्टीचे कायदे आणि आमचा १९११ चा करार

डोंगरवाट

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. बाबा जाऊन आता तीन वर्षं झाली आणि त्यांच्या कागदांचं खोकं एकदाचं पूर्ण वाचून झालं. त्यातून जे कळलं ते इथे मांडतेय. अमेरिकेत जमीन घेतलेली किंवा वारशाने मिळालेली आपली बरीच माणसं आहेत, आणि या विषयावर मराठीत वाचायला मला काही मिळालं नाही.

बाबा मिरजेहून डॉक्टर होऊन १९७४ साली इकडे आले. वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगराळ गावांत तेव्हा डॉक्टर यायला तयार नसत, आले तरी टिकत नसत. बाबा टिकले. १९८६ मध्ये त्यांनी ५२ एकर डोंगरउतार विकत घेतला, निव्वळ आजोळच्या राजापूरसारखा दिसतो म्हणून. विकणाऱ्या आजीबाईंनी जमिनीखालच्या तेल-वायूचा अर्धा हक्क स्वतःकडे ठेवला आणि अर्धा बाबांना दिला. खरेदीखतात ही गोष्ट एका ओळीत आहे.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: अमेरिकेत जमिनीखालचं खनिज मुळात जमीनमालकाचं असतं, आणि ते जमिनीपासून वेगळं काढून विकता येतं, वारसांना देता येतं. त्यामुळे वरची जमीन एकाची आणि खालचा वायू दुसऱ्याचा, असं इथे सर्रास असतं. कंपनी खालच्या मालकाशी करार करते, त्याला लीज म्हणतात. वायू काढायचा सगळा खर्च आणि धोका कंपनीचा, आणि विक्रीतला ठरलेला हिस्सा मालकाचा. तो हिस्सा म्हणजे रॉयल्टी. परंपरेने हा हिस्सा एक अष्टमांश, म्हणजे साडेबारा टक्के.

आता आमचा करार. बाबांच्या आधीच्या मालकाच्याही आधीच्या मालकाने तो १९११ मध्ये केलेला. तेलाचा आठवा हिस्सा, पण वायूसाठी दर विहिरीमागे वर्षाला २०० डॉलर, बस. विहिरीतून कितीही वायू निघो. त्या काळी वायू मोजायची सोय नव्हती आणि बाजारही नव्हता, म्हणून असे ठोक रकमेचे करार झाले. विहिरीतून थोडा जरी वायू निघत राहिला तरी करार जिवंत राहतो. आमच्या ओढ्याकाठी ती जुनी विहीर अजून आहे: गंजका नळ, त्यावर चाक, शेजारी हिरवी टाकी. बाबा असेपर्यंत दर जानेवारीत आमच्या अर्ध्या हक्काचा १०० डॉलरचा चेक यायचा आणि आई त्या पैशांतून दिवाळीची पार्सलं पाठवायची.

मग मार्सेलस शेल आलं. सहा-सात हजार फूट खाली असलेला हा काळा खडक आडव्या विहिरी खोदून फोडता येऊ लागला. २०१९ मध्ये कंपनीने परवाना काढला, दीड मैलावरच्या टेकडीवरून आमच्या जमिनीखालून विहीर गेली आणि २०२१ पासून चेक येऊ लागले. ६४० एकरांचं एक युनिट, म्हणजे त्या विहिरीसाठी एकत्र जोडलेल्या जमिनी. आमचे अर्ध्या हक्काचे २६ एकर. २६ भागिले ६४०, त्याचा आठवा भाग, आणि आम्ही तीन भावंडं म्हणून त्याचा तिसरा. माझ्या चेकवर आकडा छापलेला असतो: ०.००१६९२७१. हा आकडा मी स्वतः कागदावर मांडून तपासला आणि तो बरोबर आहे.

चूक पुढच्या रकान्यात होती. एका महिन्याच्या चेकची चिठ्ठी समोर घेऊन लिहितेय. युनिटमधून विकलेला वायू १,८०,००० एमसीएफ (एक एमसीएफ म्हणजे हजार घनफूट), भाव २.९० डॉलर, माझा वाटा साधारण ८८४ डॉलर. त्याखाली बारीक अक्षरात चार ओळी: गोळा करणं, दाब वाढवणं, पाणी काढणं, वाहतूक. चारही मिळून ३३५ डॉलर वजा. हातात ५४९. म्हणजे शंभरातले अडतीस रुपये माझ्यापर्यंत येण्याआधीच गेले. आणि हा खर्च ज्या कंपनीला दिलेला दाखवला होता ती आमच्या कंपनीचीच बहीण कंपनी.

एवढे दिवस मला वाटायचं की आठवा हिस्सा म्हणजे आठवा हिस्सा, त्यात वाद कसला? पण आठवा हिस्सा *कशाचा* आणि *कुठे मोजलेला*, हाच गेल्या चाळीस वर्षांचा सगळा वाद आहे. विहिरीच्या तोंडाशी मोजला तर किंमत कमी, कारण पुढचा सगळा खर्च वजा होतो. शेवटच्या गिऱ्हाइकाकडे मोजला तर जास्त.

वेस्ट व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने १९८२ मध्येच या ठोक रकमेच्या करारांविरुद्ध कायदा केला. त्या कायद्याची सुरुवात वाचून मला भरून आलं. इतक्या तुटपुंज्या मोबदल्यात राज्याची संपत्ती उपसत राहणं हे अन्यायाचं आणि जुलमाचं आहे, असं विधिमंडळ तिथे स्वतः म्हणतं. जुने करार सरळ रद्द करता येत नव्हते, कारण करार मोडणारा कायदा राज्यघटनेत बसत नाही. म्हणून त्यांनी परवाना अडवला. नवी विहीर खोदायचीय? मग मालकाला किमान आठवा हिस्सा देऊ असं प्रतिज्ञापत्र द्या, नाहीतर परवाना नाही. करार तसाच राहिला आणि माणसाला हिस्साही मिळाला. मला हा मार्ग फार शहाणपणाचा वाटतो.

पण त्या कायद्यात हिस्सा "विहिरीच्या तोंडाशी" मोजायचा असे शब्द होते, आणि तिथेच फट राहिली. लेगेट कुटुंब विरुद्ध ईक्यूटी ही वायू कंपनी, हा खटला याच शब्दांवर लढला गेला. नोव्हेंबर २०१६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मालकांच्या बाजूने कौल दिला. जानेवारीत न्यायमंडळात बदल झाला, फेरसुनावणी झाली आणि मे २०१७ मध्ये त्याच न्यायालयाने उलट निकाल दिला: वाजवी खर्च वजा करता येईल. सहा महिन्यांत हजारो कुटुंबांच्या हातातला घास गेला.

तेव्हा लोक गप्प बसले नाहीत. २०१८ च्या अधिवेशनात सिनेट बिल ३६० आलं, मंजूर झालं आणि ३१ मे २०१८ पासून लागू झालं. आता कायदा म्हणतो: एकूण विक्रीच्या रकमेचा किमान आठवा हिस्सा, उत्पादनानंतरच्या कोणत्याही खर्चाची कपात न करता, आणि तोही कंपनीशी *संबंध नसलेल्या* पहिल्या त्रयस्थ गिऱ्हाइकाला झालेल्या विक्रीवर. हे शेवटचे शब्द सोन्याचे आहेत. बहीण कंपनीला स्वस्तात विकल्याचं दाखवून हिस्सा कमी करायची वाट त्यांनी बंद केली.

आमच्या विहिरीचा परवाना २०१९ चा, म्हणजे नव्या कायद्याखालचा. परवान्याची फाइल राज्याच्या पर्यावरण खात्यात कुणालाही पाहता येते. मी मागवली. त्यात कंपनीच्या माणसाने सही करून दिलेलं प्रतिज्ञापत्र निघालं: कोणतीही कपात न करता आठवा हिस्सा देऊ. ते कागद हातात घेऊन मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी किती वेळ बसले होते ते सांगता येत नाही. तिकडे शपथेवर एक लिहून दिलेलं आणि इकडे दर महिन्याला ३३५ डॉलर कापलेले.

पत्र पाठवलं, पोचपावतीसह. सोबत प्रतिज्ञापत्राची प्रत. सात महिने गेले, मग कपात थांबली. मागच्या पैशांचा वाद अजून चालू आहे, म्हणून कंपनीचं नाव लिहीत नाही.

तुमच्यापैकी कुणाचा असा अनुभव असेल, दुसऱ्या राज्यांतला कायदा माहीत असेल, तर जरूर लिहा.

गोदाकाठ

ताई, फार छान लिहिलंय. मुळातली एक शंका: खालचा वायू शेतकऱ्याचा, ही कल्पनाच मला नवीन आहे. आपल्याकडे विहिरीला पाणी लागलं तर आपलं, पण तेल लागलं तर सरकारचं, असंच ना?

जुना तलाठी

गोदाकाठ, बरोबर आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम ४८. जमिनीतल्या खनिजांवर शासनाचा हक्क. सातबाऱ्यावर तुमचं नाव असतं ते वरच्या जमिनीसाठी. तेल आणि वायूसाठी केंद्राचा १९४८ चा तेलक्षेत्र कायदा आहे. जमिनीवरच्या उत्पादनाची रॉयल्टी राज्याला मिळते, म्हणून आसाम आणि गुजरात त्यासाठी भांडतात. समुद्रातली केंद्राला जाते. मुंबई हाय आपल्या दारात, १९७४ मध्ये तिथे तेल लागलं, पण त्याची रॉयल्टी दिल्लीला.

एक अपवाद नोंदवून ठेवतो, कारण तो फार कमी लोकांना ठाऊक आहे. केरळातल्या मलबार भागातल्या जुन्या जन्मी, म्हणजे पिढीजात पूर्ण मालकीच्या जमिनींबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं की जमिनीखालची मालकी जमिनीच्या मालकीमागे जाते, कायद्याने काढून घेतली नसेल तर. तेलाला तो फारसा लागू पडत नाही, तिथे वेगळा कायदा आहे. पण तत्त्व म्हणून महत्त्वाचा निकाल.

बाभूळ

रॉयल्टी दूरच राहिली. आमच्या शेतातून वायूची पाइपलाइन गेलीय. १९६२ चा कायदा आहे, त्यात फक्त वापराचा हक्क घेतात, जमीन तुमच्याच नावावर राहते, आणि त्या हक्काचा मोबदला बाजारभावाच्या दहा टक्के. पिकाचं नुकसान वेगळं. पण त्या पट्ट्यावर विहीर नाही, घर नाही, झाड नाही. वडिलांनी लावलेली अकरा आंब्याची झाडं गेली. भात लावतो अजून त्यावर. पिवळे खुंट रोवलेत, नांगर वळवताना दर वेळी मध्ये येतात.

ताईंचं वाचून एवढंच वाटलं की निदान त्यांना चिठ्ठी तरी मिळते, कुणी किती कापलं त्याची.

ह्यूस्टनकर

ताई, तुमच्या बाबतीत कंपनी चुकलीच. प्रतिज्ञापत्र दिल्यावर कापायचा प्रश्नच येत नाही. पण पंचवीस वर्षं या धंद्यात काढली आहेत, म्हणून दुसरी बाजूही सांगायला हवी.

विहिरीच्या तोंडाशी जे येतं ते विकता येत नाही. त्यात पाणी असतं, तुमच्या बाजूला इथेन, प्रोपेन, ब्युटेन असतात, दाब कमी असतो. मुख्य वाहिनीत घालायचा तर कोरडा करावा लागतो, दाबावा लागतो, नेऊन पोचवावा लागतो. हा खर्च खरा आहे. त्या खर्चामुळे वायूची किंमत वाढते, आणि वाढलेल्या किमतीतला आठवा हिस्सा मालकाला मिळतो. मग वाढीव खर्चातला आठवा हिस्सा त्याने का सोसू नये, असं आम्ही विचारतो, आणि तो प्रश्न अगदीच चुकीचा नाही.

टेक्सासात उत्तर कराराच्या शब्दांत शोधतात. १९९६ चा हेरिटेज रिसोर्सेसचा निकाल प्रसिद्ध आहे. करारात स्पष्ट लिहिलं होतं की कपात करायची नाही, पण हिस्सा "विहिरीपाशी बाजारभावाने" असंही लिहिलं होतं. न्यायालय म्हणालं, विहिरीपाशी मोजायचं ठरलं की पुढचा खर्च आपोआप वजा होतो, मग "कपात नको" या शब्दांना अर्थच उरत नाही. मालक हरले. २०१५ मध्ये हायडर कुटुंबाच्या खटल्यात शब्द वेगळे होते, तिथे ५ विरुद्ध ४ अशा मतांनी मालक जिंकले. तेव्हा आमच्याकडे जो येईल त्याला मी सांगतो, "विहिरीपाशी" हे शब्द करारात दिसले की सही करू नका.

वेळेबाबत मात्र टेक्सासचा कायदा पक्का आहे. पहिल्या विक्रीचा महिना संपल्यापासून १२० दिवसांत पहिला चेक, त्यानंतर तेलाचे ६० दिवसांत, वायूचे ९० दिवसांत. उशीर झाला तर व्याज. आणि बरेच जण रेलरोड कमिशनकडे तक्रार घेऊन जातात. ते तेल-वायूचं नियमन करतं, पण रॉयल्टीचा वाद सोडवत नाही. त्यासाठी दिवाणी न्यायालयच.

डोंगरवाट

ह्यूस्टनकर, मनापासून आभार. खर्च खरा आहे हे मला मान्य आहे. माझं म्हणणं वेगळं आहे. तो खर्च किती, हे ठरवणारे तुम्ही, ज्याला देता तो तुमचाच भाऊ, आणि तपासायला माझ्याकडे काही नाही. घरचा माणूस भाड्याने गाडी लावतो आणि भाडं माझ्याकडून घेतो, तर निदान बाजारात ते भाडं काय आहे हे मला कळायला नको का?

आणि १९११ मध्ये ज्याने करार केला त्याला पुढे कधी आडव्या विहिरी येतील हे स्वप्नातही माहीत नव्हतं. तो शब्द निवडू शकला नाही. नव्या करारात माणूस शब्द निवडू शकतो, तिथे तुमचा मुद्दा मला पटतो. जुन्या करारांसाठी कायदाच हवा.

नव्या करारांसाठी आमच्याकडे टॉनी खटल्याचा २००६ चा नियम आहे. कपात करायची तर करारात स्पष्ट लिहा, कोणती कपात ते नेमकं लिहा, आणि ती कशी मोजायची तेही लिहा. "विहिरीपाशी" एवढं पुरत नाही. त्याच खटल्यात पुढच्या वर्षी रोन काउंटीच्या ज्यूरीने ४० कोटी डॉलरहून जास्त भरपाई ठरवली होती. हा नियम अजून चालतो का, असं २०२२ मध्ये पुन्हा विचारलं गेलं, केलम खटल्यात, आणि न्यायालयाने सांगितलं की चालतो.

सस्क्वेहाना

मी उत्तर पेनसिल्व्हेनियात राहते, हिशेबनीस आहे. आमच्याकडच्या शेतकऱ्यांचे कर भरून देते, त्यामुळे चेकच्या चिठ्ठ्या रोज हातातून जातात.

आमच्याकडे १९७९ पासून किमान रॉयल्टीचा कायदा आहे. साडेबारा टक्क्यांपेक्षा कमी असेल तर लीजच अवैध. ऐकायला किती भक्कम वाटतं! पण २०१० मध्ये किल्मर खटल्यात आमच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कायद्यात रॉयल्टी या शब्दाची व्याख्याच नाही, धंद्यात जी पद्धत आहे ती चालेल, म्हणजे खर्च वजा करून उरेल त्याचा आठवा. झालं. कायदा पुस्तकात तसाच आहे, पण आतून पोकळ.

मला आठवतं, एका दूधवाल्या शेतकऱ्याने मला २०१२ च्या उन्हाळ्यातली चिठ्ठी दाखवली होती. वायूचा भाव पडलेला, कपात मात्र तेवढीच. बेरीज उणे आली होती. त्याच्या जमिनीखालून वायू गेला आणि हिशेबात तोच कंपनीचं देणं लागत होता. पुढच्या महिन्याच्या चेकमधून ते वळतं केलं. माणूस एक शब्द बोलला नाही, टोपी हातात घेऊन बसून राहिला.

यावर गार्थ एव्हरेट नावाच्या आमदारांनी २०१३ पासून विधेयक आणलं: कपात करा, पण साडेबारा टक्क्यांच्या खाली जायचं नाही. ते लायकमिंग काउंटीचे, त्यांच्या मतदारांच्या घरात हेच चाललं होतं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा आणलं. मंजूर झालं नाही. मंजूर झाला तो २०१३ चा कायदा क्रमांक ६६. त्याने चेकच्या चिठ्ठीवर काय काय असलंच पाहिजे ते ठरवलं: विहीर कोणती, महिना कोणता, किती वायू, भाव काय, तुमचा वाटा किती, प्रश्न असेल तर कुणाला विचारायचं. माझ्या कामाला त्याचा रोज उपयोग होतो. पण त्याच कायद्यात आणखी एक कलम होतं. जुन्या लीजमध्ये मनाई नसेल तर कंपनी शेजारच्या जमिनी एकत्र जोडून आडवी विहीर काढू शकते. मालकांना चिठ्ठी मिळाली, कंपन्यांना जमिनी जोडायची मुभा मिळाली. मला तो सौदा तेव्हाही महाग वाटला होता, आजही वाटतो.

राज्याच्या महाधिवक्त्यांनी २०१५ मध्ये दोन कंपन्यांवर ग्राहक संरक्षण कायद्याखाली दावा लावला. २०२१ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लीज घेणारी कंपनी ही विकणारी नाही, घेणारी आहे, त्यामुळे तो कायदा तिला लागूच नाही. पुन्हा शब्दच आड आले.

म्हणून डोंगरवाट ताई, तुमचं सिनेट बिल ३६० वाचताना मला हेवा वाटला. "त्रयस्थ गिऱ्हाइकाला झालेली पहिली विक्री", एवढी एक ओळ आमच्याकडे असती तर!

ओक्लाहोमातला विनू

इकडची दोन वाक्यं. १९९२ चा कायदा आहे, उशिरा पैसे दिले तर वर्षाला १२ टक्के, तेही चक्रवाढ. पहिल्या विक्रीपासून सहा महिन्यांत पहिला चेक. आणि १९९८ च्या मिटलस्टेड निकालाने ठरलं की वायू विकण्याजोगा होईपर्यंतचा खर्च साधारणपणे कंपनीचा.

वायोमिंगचा १९८२ चा कायदा त्याहून कडक आहे, १८ टक्के, आणि त्यात गोळा करणं, दाबणं असे बरेच खर्च उत्पादनखर्चातच धरलेत, म्हणजे मालकाकडून घ्यायचेच नाहीत. नॉर्थ डकोटातही १८ टक्के आहे, आणि तिथे २०२३ मध्ये कृषी खात्यात रॉयल्टीच्या तक्रारींसाठी स्वतंत्र मध्यस्थ नेमायची सोय केली. शेतकऱ्याने वकील न करता जाऊन विचारावं म्हणून. ही मला सगळ्यात चांगली गोष्ट वाटते.

अजून एक सांगतो. मी जिथे राहतो तिथून तासाभरावर ओसेज काउंटी. ओसेज ही तिथली मूळ अमेरिकन जमात. १९०६ च्या कायद्याने तिथलं तेल सगळ्या ओसेज लोकांच्या सामायिक मालकीचं राहिलं, २,२२९ वाटे पडले. तेल निघालं, वाटेकरी श्रीमंत झाले, आणि १९२० च्या दशकात त्या वाट्यांसाठी त्यांचे खून पडले, लग्न करून घरात घुसलेल्या माणसांच्या हातून. १९२५ मध्ये अमेरिकेच्या संसदेने (काँग्रेसने) कायदा केला की अर्धं किंवा त्याहून जास्त ओसेज रक्त असलेल्या माणसाचा वाटा ओसेज नसलेल्याला वारशाने मिळणार नाही. तिथल्या स्मशानात १९२३, १९२४, १९२५ असे शेजारी शेजारी दगड आहेत. रॉयल्टीचा कायदा वाचताना मला ते दगड आठवतात.

वेलची

ताई, माझा प्रश्न घरगुती आहे. माझ्या आजेसासऱ्यांची (ते अमेरिकन) ओहायो नदीजवळ वेस्ट व्हर्जिनियात मिनरल राइट्स होती. आता चौदा वारस आहेत, त्यातल्या दोघांचा पत्ताच नाही, एक काका नाही म्हणतात. कंपनीचं पत्र आलंय की ७५ टक्के लोक तयार असले तर पुढे जाता येतं. हे खरं आहे? आपल्याकडे सामायिक जमिनीत एकाने सही नाही केली की सगळं अडतं, तसंच इथे असेल असं मला वाटत होतं.

डोंगरवाट

वेलची, खरं आहे. २०१८ च्या आधी अगदी आपल्यासारखंच होतं, एकाने नकार दिला की अडायचं. त्याच २०१८ च्या अधिवेशनात सहहिस्सेदारांचा कायदा झाला, हाउस बिल ४२६८. सात किंवा जास्त हिस्सेदार असतील आणि तीन चतुर्थांश हिश्श्याचे मालक तयार असतील, तर विहीर काढता येते. डोकी नव्हे, हिस्सा मोजतात. त्यामुळे काकांचा हिस्सा किती ते आधी पाहा. ज्याने नकार दिला त्याला वाऱ्यावर सोडलेलं नाही: त्याला रॉयल्टी मिळते, आठव्या हिश्श्यापेक्षा कमी नाही, आणि ती कपातीविना. हे वाक्य काकांना वाचून दाखवा. तयार असलेल्यांनी घाईने वाईट अटींवर सही केली, तर नकार देणारे काकाच जास्त चांगल्या स्थितीत राहतील. तेव्हा कंपनीने पाठवलेला मसुदा आहे तसा सही करू नका. कपातीचं कलम खोडा, हाताने खोडून बाजूला सही केली तरी चालते.

बेपत्ता दोघांचं: त्यांचा हिस्सा बाजूला राखून ठेवावा लागतो, तुम्ही शोधत राहा.

आणि एक काम आजच करा. वेस्ट व्हर्जिनियात खनिज हक्कावर वेगळा मालमत्ता कर असतो, जमिनीपासून स्वतंत्र. वारलेल्या माणसाच्या जुन्या पत्त्यावर बिल जात राहतं, कुणी भरत नाही, आणि हक्क कराच्या लिलावात जातो. आमचा असाच जाता जाता वाचला. शेरीफच्या कर कार्यालयात आजेसासऱ्यांच्या नावाने विचारा.

सायलीची आई

माझा भाऊ पुण्यात आहे, वहिनीच्या माहेरकडून त्यांना टेक्सासातला एक छोटा हिस्सा आलाय. चेकमधून ३० टक्के कापतात. ही पण कपातच का?

सस्क्वेहाना

नाही, ती कंपनीची नव्हे, अमेरिकेच्या आयकराची. इथे न राहणाऱ्या परदेशी माणसाच्या रॉयल्टीतून ३० टक्के सरसकट कापून सरकारला भरतात. तेल-वायूची रॉयल्टी जमिनीच्या उत्पन्नात धरतात, त्यामुळे भारताशी असलेल्या करारानेही तो दर कमी होत नाही. पण खर्च वजा जाता निव्वळ उत्पन्नावर कर भरण्याचा पर्याय निवडता येतो, त्यासाठी इथे विवरणपत्र भरावं लागतं. रॉयल्टीधारकांना साधारण १५ टक्के डिप्लिशनची वजावटही मिळते, खनिज संपत चाललंय म्हणून. रक्कम बऱ्यापैकी असेल तर हिशेबनीसाला विचारा, बऱ्याचदा परतावा निघतो.

जुना तलाठी

डोंगरवाट, उत्सुकता म्हणून विचारतो. तो १९११ चा करार तुम्हाला सापडला कसा? आमच्या काळात जुना फेरफार काढायचा म्हणजे तीन दिवस जायचे.

डोंगरवाट

काका, तसेच तीन दिवस गेले! काउंटीच्या न्यायालयाच्या इमारतीत तळमजल्याला नोंदींची खोली आहे. लोखंडी मांडण्या, खालून रूळ लावलेले, त्यावर आडवी ठेवलेली पुस्तकं. एकेक पुस्तक दोन हातांनीच निघतं, कापडी बांधणी, पाठीला लाल चामडं. आधी सूची: देणाऱ्याच्या नावाची वेगळी, घेणाऱ्याच्या नावाची वेगळी. बाबांच्या खरेदीखतापासून मागे मागे जायचं. आजीबाईंना कुणी दिलं, त्याला कुणी दिलं. तिथल्या कारकून बाईंनी पहिल्या दिवशी मला शिकवलं, दुसऱ्या दिवशी स्वतःच माझ्यासाठी पुस्तकं काढून ठेवली. त्या म्हणाल्या, तुझ्या वडिलांनी माझ्या धाकट्याला टाके घातले होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी पान सापडलं. तिरकं, शाईचं अक्षर. मालकाच्या सहीच्या जागी फुली, शेजारी दोन साक्षीदार. म्हणजे ज्याने करार केला त्याला वाचता येत नव्हतं. त्याच्या नावाने कुणीतरी लिहिलं, "वर्षाला दोनशे डॉलर", आणि तो शब्द एकशे दहा वर्षं चालत राहिला.

मी त्या पानाची प्रमाणित प्रत काढून आणली, आणि परवान्याच्या फाइलमधलं प्रतिज्ञापत्र. दोन्ही एका लिफाफ्यात घातली आहेत. कारण काल लक्षात आलं की दुसरा अर्धा हक्क त्या आजीबाईंच्या घरात आहे, करार तोच, विहीर तीच. म्हणजे त्यांच्याही चेकमधून तेवढंच कापलं गेलं असणार. त्यांच्या नातीचा पत्ता कारकून बाईंनी मिळवून दिलाय, ओहायोत असते. लिफाफा उद्या सकाळी टपालात टाकतेय.